स्त्री अन्वेषक पाहिजेत

जाहिरात नागपूरच्या पेपरात आली होती. आमच्या घरी पेपर येत नसे. पवनारच्या बस स्टॉपजवळ एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे यायचा. आणि जिनिंगचा हंगाम संपला की आमचे हे तिथेच जाऊन बसायचे. ते जिनिंगमध्ये हंगामी कारकून होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की काम, ऊन तापलं की घरी. त्या दिवशी दुकानदाराला विचारून ते पेपरचं पान घरी घेऊन आले आणि मी पोळ्या लाटत होते तिथे माझ्यासमोर धरलं.

"वाच. बीए झालेली पाह्यजे म्हन्ते. बाईच पाह्यजे."

वर्ध्याजवळच्या मेडिकल कॉलेजातल्या एका संशोधन प्रकल्पासाठी स्त्री अन्वेषक पाहिजेत. पदवीधर, खेड्यापाड्यांत फिरण्याची तयारी असावी, पदं हंगामी. 'अन्वेषक' म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. मी हिंगणीची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांनी हट्टानं वर्ध्याच्या कॉलेजात घातलं म्हणून बीए झाले, तेही थर्ड क्लासात. मग लग्न झालं, पवनारला आले, आणि डिग्री ट्रंकेत गेली. ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. शिकलेल्या मुलींसाठी आमच्याकडे दोनच नोकऱ्या होत्या, मास्तरीण नाही तर नर्स. मी दोन्ही नव्हते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या दाराशी गहू निवडत होत्या. "दवाखान्यात काय काम करन हे?" त्यांनी माझ्याकडे हात करून यांना विचारलं.

"कागदपत्राचं काम असन," हे म्हणाले.

मुलाखतीला एका लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधे एक मॅडम होत्या, त्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर. सुती साडी, बारीक आवाज, पुण्याकडचं बोलणं. बाकीच्या दोघांनी मला जिल्ह्यातले तालुके विचारले, सायकल येते का विचारलं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही एका घरी माहिती विचारायला गेलात. बाई रडतेय, काही बोलत नाही. काय कराल?"

मला वाटलं याचं पुस्तकात काहीतरी उत्तर असणार. ते मला येत नव्हतं. म्हणून मी आमच्या घरी जे झालं असतं ते सांगितलं. "बसून राहीन. पाणी देईन. स्वयंपाक राहिला असेल तर करून देईन."

डाव्या बाजूचे गृहस्थ हसले. मॅडम हसल्या नाहीत. आठवड्याभरात पोस्टानं नेमणुकीचा कागद आला. वडिलांनी हिंगणीत घरोघर सांगितलं की पोरगी मेडिकलात लागली, आणि ते सांगणं गावभर फिरून परत आलं तेव्हा मी डॉक्टरीण झाले होते.

काम काय आहे ते पहिल्या दिवशी कळलं. वर्षाच्या आतलं मूल ज्या घरात दगावलं असेल त्या घरी जायचं आणि ते कशानं गेलं ते आईला विचारायचं. खेड्यात घरी मेलेल्या लेकराला कोणी डॉक्टर पाहत नाही, त्यामुळे ते कशानं गेलं याची नोंदच कुठे नसते. आम्ही विचारून आणायचं, आणि डॉक्टरांनी त्यावरून आजार ओळखायचा. मॅडमनी आम्हाला प्रश्न शिकवले. ताप होता का. जुलाब होत होते का. शेवटच्या दिवसापर्यंत दूध ओढत होतं का. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या का. आणि एक गोष्ट त्यांनी फळ्यावर लिहून खाली रेघ मारली: आपण मत द्यायचं नाही. फक्त ऐकायचं.

पहिलं घर सेलूजवळच्या एका गावातलं. आमचे सुपरवायझर जीपमधून मला पारावर सोडून पुढच्या गावाला गेले. घरातल्या माणसानं सतरंजी अंथरली, पाणी आणलं, बायकोला हाक मारली. ती खांबाला टेकून बसली आणि मी विचारत गेले तसं सांगत गेली. सगळं लिहून झालं तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, काही मदत भेटन का?"

"नाही हो. हे संशोधन आहे."

"मंग तुमी आले कायले?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं, की मुलं कशानं जातात ते कळलं तर पुढची वाचवता येतील. त्यानं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. मग जीप येईपर्यंत माझ्यासोबत पारावर येऊन उभा राहिला, कारण गावातली कुत्री अनोळखी माणसाच्या अंगावर येत होती.

हळूहळू मला ते काम जमायला लागलं, आणि जमतंय याचंच कधीकधी भय वाटायचं. आईपेक्षा खाली बसायचं हे मी शिकले. कागद लगेच बाहेर काढायचा नाही. मृत्यूपासून सुरुवात करायची नाही, जन्मापासून करायची. बाळंतपण कुठे झालं, दाई कोण होती, बाळ कोणावर गेलं होतं. हे कोणतीही आई सांगते. सांगता सांगता तिचा चेहरा जरा उजळतो, आणि मग ती स्वतःच त्या दिवसापर्यंत येते. बायका म्हणायच्या, "डब्बा झाला होता." म्हणजे पोट फुगून लेकराला धाप लागलेली. मग डागून आणलेलं असायचं. तापलेल्या सळईचे चट्टे बेंबीच्या आजूबाजूला कसे उठले होते ते त्या बोटानं हवेत काढून दाखवायच्या. बऱ्याच बाळांचं बारसंही झालेलं नसे. नावाच्या जागी मी 'बाळ' लिहायची. घरी आले की कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. हे विचारायचे, "काम जड हाय का?" मी म्हणायची, "चालणं खूप आहे."

घरी मी खरं सांगितलं नव्हतं. पण वर्धा जिल्हा तो केवढा! आमच्या गल्लीतल्या एकीचं माहेर मी गेलेल्या गावाचं निघालं. ती माहेरून आली आणि नळावर बोलली. संध्याकाळी मी घरी आले तर आत्याबाई दारात उभ्या.

"तू मेल्या लेकराइच्या घरी जातं?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवली.

"सांग ना. मेल्या लेकराच्या घरात बसतं, थ्या बाईच्या बाजून बसतं, अन् तशीच आमच्या घरात येतं? अशा दिवसाइत?"

कारण तोवर मला दिवस गेले होते. चौथा महिना लागला होता.

हे घरातून बाहेर आले. "माय, नोकरी हाय ते. सरकारी मानसं करतेत असं काम."

"सरकारी मानसाच्या पोटात लेकरू नसते," आत्याबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मागच्या अंगणात संध्याकाळी गरम पाण्याची बादली ठेवलेली असे. मी मागून यायचं, आंघोळ करायची, लुगडं तिथेच भिजवायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं. बादली त्या स्वतः उचलून ठेवत, पण माझ्याशी बोलत नसत. मी शिकलेली होते. लेकरं न्यूमोनियानं जातात, हगवणीनं जातात, कोणाच्या सावलीनं जात नाहीत, हे मला आता गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते गरम पाणी अंगावर घेताना मला बरं वाटायचं. बसमधून येताना पोटावर हात ठेवून मी हालचालीची वाट पाहायची, आणि बाळ हललं नाही तर धाम नदीचा पूल येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मी मॅडमना भेटले. ऑफिसातलं काम मिळेल का, विचारलं.

"टेबलाच्या जागा भरलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तुमच्यासारखं बोलतं करणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

"आणि बाळंतपणाची रजा?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हंगामी पदाला रजा नसते. माझ्या हातात असतं तर दिली असती. बाळंतपणानंतर तुम्ही पुन्हा अर्ज करा. जागा निघत राहतात."

मी नोकरी सोडली नाही. जिनिंग बंद होतं आणि घरात माझाच पगार येत होता. पण फक्त तेवढंच नव्हतं. त्या बायका माझ्याशी बोलत होत्या. काही जणी तर पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलत होत्या.

सातवा महिना लागला तेव्हा सेलूच्या पुढच्या एका गावात गेले. पोट आता पदराखाली लपत नव्हतं. घरासमोर ओटा होता, ओट्यावर म्हातारा सासरा सुतळी वळत बसलेला. आतून एक तरुण बाई दारापर्यंत आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि झटकन तोंड फिरवलं.

"अवं माय! तू काऊन आली अशी? तुले घरी कोनी मोठं मानूस नाई का?"

मी म्हटलं, "मेडिकलमधून आले, ताई. थोडं विचारायचं होतं."

"घरात येऊ नोको. ओट्यावर बस. तिकडं, कोपऱ्यात."

मला वाटलं ती मला हाकलतेय. मी ओट्याच्या कोपऱ्यात बसले. ती दाराच्या आत बसली, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. मग म्हणाली, "हं, विचार आता. मी मांगं पाहत नाई. माही नजर तुया पोटावर पडाले नोको."

आणि भिंतीकडे पाहूनच तिनं सगळं सांगितलं. मुलगा होता. अंगानं चांगला होता. खोकला झाला, मग धाप लागली, बरगड्या आत जायला लागल्या. तिला दवाखान्यात न्यायचं होतं. सासरा म्हणाला, डब्बा हाय, डागून आणू. डागून आणलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दूध सोडलं. मी तिच्या पाठीला प्रश्न विचारत होते आणि पाठ उत्तर देत होती. ओट्यावरच्या म्हाताऱ्याचे हात सुतळीवर चालूच होते.

शेवटी मी कागद मिटले. तेव्हा ती म्हणाली, "आता मी एक विचारू का?"

"विचारा."

"त्याले मी मेडिकलात आनलं असतं तं वाचला असता का?"

फळ्यावरची रेघ मला दिसत होती. मत द्यायचं नाही. पण ती पाठ मला दिसत होती, आणि ती बाई एवढा वेळ माझ्या लेकराला स्वतःपासून वाचवत बसली होती. तिला खोटं सांगायला माझी जीभ उचलेना. आणि 'माहीत नाही' म्हणणं हेही खोटंच होतं.

"वाचला असता, ताई," मी म्हटलं. "बहुतेक वाचला असता. पुढच्या वेळी डागू नका. सरळ घेऊन या."

ती हलली नाही. सुतळी थांबली. म्हातारा उठला, ओट्यावरून उतरला आणि मला म्हणाला, "चाल, उठ. माया घरात येऊन मले खुनी म्हन्तं?"

मी उठले. आतून तिचा आवाज आला, "बाबाजी, थे पोटुशी हाय, तिच्यावर वरडू नोका." पण तो ओरडतच राहिला. माणसं जमली. सुपरवायझर जीप घेऊन आले तेव्हा चार जण त्यांच्याभोवती झाले, आणि त्या गावात पुन्हा गाडी आणायची नाही असं गावकऱ्यांनी बजावलं.

मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या थकलेल्या दिसत होत्या.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "पण ते उत्तर घेऊन त्या बाईला त्याच घरात राहायचं आहे. तुम्ही जीपमध्ये बसून आलात."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी असते तर नियम पाळला असता. नियम त्यासाठीच असतात, आपल्याला ठरवायला लागू नये म्हणून."

महिना संपला तशी माझी नेमणूक संपली. वाढवली नाही. बाळंतपण जवळ आल्यामुळे, असं कागदावर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते सुपरवायझर वर्ध्याच्या बाजारात भेटले तेव्हा कळलं. सासऱ्याशी रोज भांडण होऊ लागलं म्हणून तिला माहेरी, आष्टीकडे, पाठवून दिलं होतं. मग पोळ्याच्या सुमाराला नवरा जाऊन घेऊन आला. एवढंच त्यांना माहीत होतं. मी जे बोलले ते बरोबर की चूक, याचा निकाल मला त्या दिवशी लागला नाही आणि आजही लागत नाही.

मला मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला पहिली आंघोळ घातली, काजळ लावलं. दोन महिने सगळं नीट होतं. थंडी पडली आणि तिला खोकला झाला. मी सकाळी झबलं वर करून पाहिलं. बरगड्या आत जात होत्या. इतक्या घरांमधून जे ऐकलं होतं ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते, आणि ते माझ्या मांडीवर होतं.

आत्याबाई येऊन वाकल्या. "डब्बा झाला. नदीपलीकडं बुढी हाय, थे डागून देते. लवकर चाल."

"नाही," मी म्हटलं. "मेडिकलला नेते."

"अवं, तिथं सुया टोचतीन एवढ्याशा जिवाले!"

"टोचू द्या. डागू देणार नाही मी."

मी तोवर त्यांना असं उलट बोलले नव्हते. हे मधे उभे होते, एकदा आईकडे पाहत, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी खुंटीवरची घोंगडी काढली, मुलीला गुंडाळलं आणि दाराबाहेर पडले. मी मागे धावले. बस स्टॉपवर पोचलो तर आत्याबाई अनवाणी मागून येत होत्या.

मुलीला भरती करून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली, नाकाला नळी लावली. नर्सनं आम्हाला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. दुपार होती. हे औषधं आणायला गेले होते. व्हरांड्यात आमच्यासारख्याच खेड्यांतून आलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत्याबाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "माई एक पोरगी गेलती अशीच."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, आणि त्या घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं. यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

"कधी?" मी विचारलं.

"याच्या आंधी. पयलीच."

मी त्यांच्यापेक्षा खाली, पायरीवर बसले. ठरवून नाही, सवयीनं. आणि मी विचारायला लागले. बाळंतपण कुठे झालं? माहेरी, त्या म्हणाल्या. दाई कोण होती? कोणावर गेली होती? "मायावर गेली नाई," त्या म्हणाल्या. "गोरी होती. माया मायवर." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. खोकला किती दिवस होता. दूध ओढत होती का. कोणी डागलं, कुठे डागलं. त्यांनी बोटानं हवेत चट्टे काढून दाखवले. माझ्या हातात कागद नव्हता.

सांगून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. सेलूकडच्या त्या बाईनं विचारला होता तो प्रश्न त्या विचारतील या भीतीनं मी अंग चोरून बसले होते. त्यांनी विचारला नाही. आतल्या दाराकडे पाहून त्या म्हणाल्या, "हे वाचन का?"

"वाचेल," मी म्हटलं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

ती वाचली. आठवड्यानं आम्ही तिला घरी आणलं. त्यानंतर वर्षभर ती शिंकली तरी मी झबलं वर करून बरगड्या पाहायची. आत्याबाईही पाहायच्या, माझं लक्ष नसताना.

पुढच्या वर्षी जागा निघाल्या. तेच काम, तसंच हंगामी. मॅडमनी सुपरवायझरबरोबर निरोप पाठवला की अर्ज करा, गावं बदलून देऊ. मी आत्याबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं आता त्या जा म्हणतील.

"दुसरं काही काम कर," त्या म्हणाल्या. "थे नोको. आता तं अजिबात नोको."

"का पण?"

"तू विचारतं अन् चालली जातं. मंग आमी बसतो आठवत. इतकी वर्सं मी इसरली होती."

मी अर्ज केला नाही. त्यांच्यामुळे की माझ्यामुळे, ते सांगता येत नाही. दोन वर्षांनी त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कारकुनाची जागा निघाली. त्या मुलाखतीला पुन्हा एक लांब टेबल होतं, पण मॅडम नव्हत्या, त्या दुसरीकडे गेल्या होत्या. मला टायपिंग येतं का विचारलं. येत नव्हतं. त्या वेळी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्याच्या पुढच्या वेळी मला मिळाली, तोवर मी टायपिंगची परीक्षा पास झाले होते आणि मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली होती.

खिडकीवर नाव, गाव, वय एवढंच विचारायचं असतं. पहिल्या दिवशी एका बाईनं कडेवरचं लेकरू खिडकीच्या कठड्यावर टेकवलं आणि न विचारताच त्याच्या खोकल्याचं सांगायला लागली. मागे रांग होती. मी तिला म्हटलं, "ते आत डॉक्टरांना सांगा, ताई. लवकर जा, तिसऱ्या दारानं." आणि केसपेपर तिच्या हातात दिला.